करार दुरुस्तीचा, भरवसा सुरक्षेचा: भोसरीतल्या एका कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतला हा कारखाना ट्रॅक्टर आणि व्यावसायिक वाहनांसाठी शाफ्ट, बुश, पिन असे टर्निंग-ग्राइंडिंगचे जॉब करतो. माल थेट वाहन कंपनीला जात नाही, तिच्या एका मोठ्या पुरवठादाराला जातो. उलाढाल १४ कोटींच्या आसपास, माणसं चाळीसेक, कॉम्प्युटर १७. मालक डिप्लोमा इंजिनिअर. मशीनच्या आवाजावरून टूल गेलं की नाही ते सांगतील, पण कॉम्प्युटर हा त्यांच्या लेखी अकाउंट्सचा विषय. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

कॉम्प्युटरची देखभाल जवळच्याच एका दुकानदाराकडे होती. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, ४८,००० रुपयांचा. कराराचा कागद एका पानाचा, त्यात 'संगणक व प्रिंटर सुस्थितीत ठेवणे' आणि 'तक्रार आल्यास २४ तासांत भेट' एवढंच. बॅकअप, पासवर्ड, राउटर, अँटिव्हायरसचं लायसन्स यांबद्दल अवाक्षर नाही. मालकांची समजूत अशी की कॉम्प्युटरचं सगळं तो बघतो. दुकानदाराची समजूत अशी की बिघडलं की फोन येतो, मग जायचं. दोघंही प्रामाणिक होते, आणि दोघांच्या मधली जागा कुणाचीच नव्हती.

सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवले. टॅली म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ड्रॉइंग, तपासणीचे अहवाल आणि पीएफसाठी घेतलेल्या कामगारांच्या आधार-पॅनच्या स्कॅन प्रती, सगळं 'कॉमन' नावाच्या एका फोल्डरमध्ये. तो प्रत्येकाला उघडता यायचा आणि त्यातलं काहीही पुसता यायचं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये अकाउंटंट मॅडमना घरून काम करायचं होतं. मालकांनी दुकानदाराला फोन केला, "मॅडमना घरून टॅली चालू करून दे." त्याने राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट उघडून थेट सर्व्हरकडे वळवला. पोर्ट म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवण्याच्या सोयीचं, हे ठरलेलं दार. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात, आणि सापडला की नाव-पासवर्डच्या जोड्या टाकून बघतात. इथं खातं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' होतं, पासवर्ड कारखान्याचं नाव आणि पुढे १२३. लॉकडाउन उठला, मॅडम ऑफिसात परत आल्या. पोर्ट तसाच राहिला, कारण तो बंद करा असं कुणी सांगितलं नाही आणि सांगायचं असतं हे कुणाला माहीत नव्हतं.

काय घडलं

फेब्रुवारी २०२४ चा मध्य. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. शुक्रवारी सकाळी डिस्पॅचच्या मुलाला मालाचं चलन काढता येईना. मॅडमनी टॅली उघडलं तर टॅली चालू, पण यादीत कंपनीच नाही. फोल्डरमध्ये पाहिलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात एक लांबलचक क्रमांक, एक ईमेल पत्ता आणि अनोळखी शेपूट. डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी: फाइल परत हव्या असतील तर या पत्त्यावर लिहा.

सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली एक यूएसबी डिस्क होती. रोज रात्री तिच्यावर कॉपी जायची. तीही लॉक झाली होती. सर्व्हरला जे दिसतं ते सर्व्हरवर बसलेल्या चोरालाही दिसतं.

दुकानदार अर्ध्या तासात आला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, व्हायरस आहे. फॉरमॅट मारतो, संध्याकाळपर्यंत चालू." त्याने डिझाइनचा पीसी आणि स्टोअरचा पीसी फॉरमॅटला लावले. सर्व्हरकडे वळणार तेवढ्यात मॅडमनी कारखान्याच्या सीएंना फोन लावला होता. सीए म्हणाले, "सर्व्हरला हात लावू नका. केबल काढा आणि थांबा." त्यांनीच मला बोलावलं. छोट्या कारखान्यांचे आयटीचे करार पाहून देणं हे माझं काम, घटनेचा तपास हे नव्हे. त्यासाठी ओळखीचा एक तपासनीस सोबत नेला.

पहिला निर्णय: पुसायचं की ठेवायचं

फॉरमॅटचा मोह समजण्यासारखा आहे. गाडी गेटवर उभी, ग्राहकाची लाइन थांबण्याची भीती, आणि समोर एक माणूस संध्याकाळपर्यंत चालू करतो म्हणतोय. पण फॉरमॅटने दोन गोष्टी जातात. चोर कुठून आला याचा माग जातो, आणि लॉक झालेला डेटा कायमचा जातो. लॉक झालेली फाइल आज निरुपयोगी असली तरी उद्या तिची किल्ली मिळू शकते.

सर्व्हरच्या डिस्क काढून घेतल्या, त्यांची प्रत केली आणि प्रतीवर तपास सुरू झाला. विंडोजची सुरक्षा-नोंद चोराने पुसली होती. नोंद पुसली गेली एवढी एकच ओळ, इव्हेंट ११०२, तिथं शिल्लक होती. पण रिमोट डेस्कटॉपच्या सेशनची वेगळी नोंदवही विंडोज ठेवतं, आणि ती पुसायला हे लोक पुष्कळदा विसरतात. तिथं गुरुवारी पहाटे पावणेतीनला परदेशी पत्त्यावरून 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' आत आल्याची नोंद मिळाली. अँटिव्हायरस त्यानंतर बंद झाला. त्याचं लायसन्स तसंही डिसेंबरात संपलं होतं. फाइलच्या नावांची ठेवण आणि चिठ्ठी यांवरून हा 'फोबोस' कुळातला रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, निघाला. छोट्या धंद्यांना आणि उघड्या रिमोट डेस्कटॉपला गाठणारं म्हणून हे कुळ कुप्रसिद्ध आहे. योगायोग असा की दोनच आठवड्यांनी, २९ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने याच फोबोसबद्दल इशारा काढला, आणि त्यातही उघडा रिमोट डेस्कटॉप होताच.

मॅडमनी या गडबडीत एक काम कुणालाही न विचारता केलं होतं. बँकेला फोन करून नेटबँकिंग बंद करून घेतलं आणि सर्व्हरला लावलेली डिजिटल सहीची टोकन काढून पर्समध्ये टाकली. ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड साठवलेला होता. डेटा जाणं एक आणि खातं रिकामं होणं दुसरं. त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, असं माझं मत आहे.

दुसरा निर्णय: खंडणी

चिठ्ठीवरच्या पत्त्यावर मालकांच्या मेहुण्यांनी परस्पर मेल टाकला होता. उत्तर आलं: बिटकॉइनमध्ये ३,५०० डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास तीन लाख रुपये. मालकांचा हिशोब सरळ होता. दोन दिवस लाइन थांबली तर याहून जास्त जातं, देऊन टाकू.

विरोधातली बाजू अशी मांडली. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नाही. अर्ध्या फाइल उघडून पुन्हा पैसे मागितल्याची उदाहरणं आहेत. आणि ज्या वाटेने चोर आला ती वाट कुठली हे अजून पक्कं कळलेलं नव्हतं, म्हणजे पैसे देऊनही पुढच्या गुरुवारी तेच. 'नो मोअर रॅन्सम' ही युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली साइट आहे. तिथं अनेक कुळांच्या किल्ल्या फुकट मिळतात. तिथं पाहिलं, या प्रकारासाठी तेव्हा नव्हती.

निर्णय फिरला तो या युक्तिवादांनी नव्हे. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे वीस जानेवारीचा टॅलीचा बॅकअप आहे." दर महिन्याला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरून झालं की त्या पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन घरी न्यायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, आधीच्या नोकरीतली सवय होती. तीन लाख रुपयांचा प्रश्न एकदम सव्वीस दिवसांच्या नोंदींचा झाला. पैसे दिले नाहीत.

वीस तारीख

जानेवारीचा जीएसटीआर-३बी भरायला चार दिवस होते. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि कराच्या रकमेवर १८ टक्के व्याज.

इथं एक गोष्ट लक्षात आली, जी छोट्या उद्योगांनी नोंदवून ठेवावी. आपल्या डेटाच्या प्रती आपल्याला वाटतात त्याहून जास्त ठिकाणी असतात. जानेवारीचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, अकरा तारखेपर्यंत भरून झाला होता, म्हणजे जानेवारीची विक्री जीएसटीच्या पोर्टलवर होती. उलाढाल ५ कोटींच्या वर असल्याने ई-इनव्हॉइस, म्हणजे बिलं सरकारी पोर्टलवर नोंदवणं, बंधनकारक, म्हणून फेब्रुवारीची बिलंही पोर्टलवरून उतरवता आली. खरेदीसाठी चौदा तारखेचा जीएसटीआर-२बी, म्हणजे पोर्टलच तयार करतं ती खरेदीची यादी. पैशांसाठी बँकेची स्टेटमेंट. सीएनसीचे प्रोग्रॅम मशीनच्या कंट्रोलरच्या मेमरीत शाबूत, कारण मशीन नेटवर्कला जोडलेलीच नव्हती. ड्रॉइंगपैकी ताजी आवृत्ती असलेली ग्राहकाच्या पोर्टलवर.

जे कुठंच नव्हतं ते असं: ग्राइंडिंगला बाहेर गेलेल्या मालाची जॉबवर्कची चलनं, रिजेक्शनच्या डेबिट नोट, रोख खर्चाची व्हाउचर, आणि चार वर्षांचे तपासणी अहवाल. जॉबवर्कच्या चलनांसाठी स्टोअरवाल्याने ग्राइंडिंगवाल्यांच्या दारात जाऊन त्यांच्याकडच्या गुलाबी प्रतींचे फोटो काढून आणले. त्यातून त्या वर्षी भर अशी की आयकराचं ४३बी(एच) कलम पहिल्यांदाच लागू होत होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे फार तर ४५ दिवसांत, दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला मिळणार नव्हता. कुणाचे किती दिवस झाले हे सांगणारी यादीच हरवलेली.

३बी वीस तारखेला रात्री भरला गेला. पुढे वर्षअखेरीच्या ऑडिटमध्ये एक प्रश्न आला, तो आम्हाला कुणालाच आधी सुचला नव्हता. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे. पुन्हा घातलेल्या व्हाउचरवर फेब्रुवारीअखेरची तारीख उमटली होती. ऑडिटरनी त्याचा लेखी खुलासा मागितला. घटनेची वेळवार टिपणं ठेवलेली होती म्हणून तो देता आला.

तिसरा निर्णय: कुणाला सांगायचं

इथं कारखाना कमी पडला. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. छोट्या कंपन्यांना त्यातून कायमची सूट नाही, त्यांना फक्त सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढीव मुदत मिळाली होती. इथं कळवलं गेलं रविवारी. सायबर पोलिसांकडे तक्रार सोमवारी. दुकानदाराला हा नियम माहीत नव्हता, मालकांना नव्हता. दुकानदाराच्या करारात तर 'घटना' हा विषयच नव्हता.

ग्राहकाला सांगायला मालक तयार नव्हते. "ऑर्डर जाईल," एवढंच म्हणत राहिले. दोन दिवसांनी ग्राहकाच्याच आयटी विभागाचा फोन आला, कारण कारखान्याच्या एका मेल खात्यावरून त्यांना विचित्र जोडपत्रं गेली होती. त्यांनी कारखान्याच्या सगळ्या मेल आठवडाभर अडवल्या. शेड्यूल फोनवर घ्यावं लागलं. ऑर्डर गेली नाही, पण व्हेंडर डेव्हलपमेंटवाल्यांनी सुरक्षेची एक लांबलचक प्रश्नावली पाठवली आणि तीन महिन्यांत उत्तरं मागितली. शुक्रवारी दुपारी आपणहून एक फोन केला असता तर मेल अडल्या असत्या तरी सूर वेगळा राहिला असता.

पुढचे पर्याय

प्रश्नावली हातात आल्यावर 'आयटी कुणाकडे द्यायचं' हा विषय टाळता येईना. चार वाटा होत्या.

जुन्या दुकानदारालाच जास्त पैसे देऊन ठेवणं. माणूस विश्वासाचा आणि हाकेच्या अंतरावर. पण तो एकटा आणि त्याचं ज्ञान हार्डवेअरचं.

स्वतःचा आयटीवाला नेमणं. ३०-३५ हजार पगारात मिळतो. प्रिंटर, मेल, सीसीटीव्ही सगळं बघतो. पण रात्री पावणेतीनला तो झोपलेला असतो, आणि दीड-दोन वर्षांत हिंजवडीला निघून जातो, पासवर्ड डोक्यात घेऊन.

टॅली आणि फाइल कुणाच्या तरी क्लाउडवर हलवणं. याने सर्व्हरचा प्रश्न सुटतो, उरलेल्या १७ मशीनचा नाही.

चौथी वाट म्हणजे व्यवस्थापन आणि सुरक्षा दोन्ही एका सेवा-कंपनीला देणं. तीन कंपन्यांची कोटेशन आली. मालकांनी नेहमीप्रमाणे शेवटच्या पानावरची रक्कम पाहिली. मी तिघांनाही एकच विचारलं: तुमच्या एखाद्या ग्राहकाचा डेटा शेवटचा परत कधी उभा करून पाहिलात, आणि कुणासमोर? दोघांनी माहितीपत्रक पुढे केलं. तिसऱ्याने ग्राहकाचं नाव झाकून तारीखवार वही दाखवली, त्यात दोन ठिकाणी 'अयशस्वी' लिहिलेलं होतं. अयशस्वी लिहिणारा पुरवठादार मला बरा वाटतो.

त्याचा दर असा: दर पीसीला महिना १,१००, सर्व्हर आणि फायरवॉलचे (इंटरनेटच्या वाटेवरचा पहारेकरी) ९,५००, बॅकअपचे ५,०००. महिन्याला ३३,२००, जीएसटी वेगळा. वर्षाचे जवळजवळ चार लाख, म्हणजे जुन्या एएमसीच्या आठपट. नवा सर्व्हर, फायरवॉल आणि लायसन्सचे साडेपाच लाख एकदाच. मालक दोन दिवस गप्प होते.

या वाटेचा धोकाही त्यांच्यापुढे ठेवला. सेवा-कंपनीकडे तिच्या सगळ्या ग्राहकांच्या मशीनमध्ये शिरायची सोय असते, म्हणून चोर आता तिलाच गाठतात. जुलै २०२१ मध्ये कसेया कंपनीच्या अशाच दूर-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधली फट वापरून पन्नास-साठ सेवा-कंपन्या आणि त्यांच्यामार्फत दीड हजारांपर्यंत धंदे एका फटक्यात लॉक झाले. स्वीडनमध्ये किराणा दुकानांच्या एका साखळीला शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली. त्या दुकानांनी कसेयाचं नावही ऐकलं नसेल.

डोमेनचं लफडं

करार सही होण्याआधीच एक गाठ निघाली. कारखान्याचं डोमेन, म्हणजे वेबसाइट आणि सगळ्या मेलचा पत्ता, २०१४ साली दुकानदाराने स्वतःच्या जीमेलवरून स्वतःच्या नावावर घेतलेलं. मुदत एप्रिलात संपत होती. आणि दुकानदार दुखावलेला होता, कारण झालं ते सगळं त्याच्यावर ढकललं गेलं होतं, शिवाय त्याचं १८,००० रुपयांचं बिल थकलेलं.

मालक वकिलाची नोटीस पाठवणार होते. त्यांना थांबवून आम्ही दुकानात गेलो.

तो म्हणाला, "साहेब, मी दहा वर्षं रिन्यू करतोय, खिशातनं. तुम्ही एकदा विचारलंत का कुणाच्या नावावर आहे?"

"नाही विचारलं," मालक म्हणाले.

"आणि ते घरून चालू करून दे म्हणालात तेव्हा मी व्हीपीएनचं बोललो होतो. तुम्ही म्हणालात, खर्च नको आत्ता."

व्हीपीएन म्हणजे घरून सर्व्हरपर्यंत यायची बंदिस्त, सुरक्षित वाट. मालकांना हे आठवत नव्हतं. नाकारलंही नाही. बिल तिथंच यूपीआयने दिलं, रिन्युअलचे पैसे वर दिले, आणि दुकानदाराने लॉगिन करून हस्तांतराचा कोड काढून दिला. नोटिशीच्या वाटेने गेलो असतो तर एप्रिल उलटला असता आणि मेल बंद पडल्या असत्या.

करारात काय लिहिलं

नव्या कंपनीचा छापील मसुदा त्यांच्या सोयीचा होता, तसा तो असतोच. डोमेन, मेलचं मुख्य प्रशासक खातं, फायरवॉल आणि सगळी लायसन्स कारखान्याच्या नावावर, यावर त्यांनी खळखळ केली नाही. सर्वोच्च अधिकाराचा एक पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या लॉकरमध्ये, आणि तो वापरला गेला की दोघांनाही सूचना. त्यांच्या इंजिनिअरांनाही आमच्या यंत्रणेत शिरताना दुहेरी पडताळणी. नोंदी १८० दिवस ठेवायच्या, ही सर्ट-इनचीच अट. घटना दिसल्यापासून दोन तासांत ते कारखान्याला कळवतील, सर्ट-इनला कळवायचा मसुदाही तेच बनवतील, पण पाठवणार कारखाना. करार मोडला तर तीस दिवसांत सगळी कागदपत्रं आणि अधिकार हस्तांतरित.

अडलं ते नुकसानभरपाईवर. त्यांच्या चुकीने घटना घडली तरी जास्तीत जास्त तीन महिन्यांची फी, म्हणजे लाखभर रुपये, यापुढे ते सरकेनात. ३३ हजारांच्या करारात कुणीच सरकत नाही. ते मान्य केलं आणि फरकासाठी सायबर विमा घेतला. विमा कंपनीने अर्जात विचारलेले प्रश्न ग्राहकाच्या प्रश्नावलीशी बरेच जुळत होते, त्यामुळे एक काम दोनदा उपयोगी पडलं.

ज्या कलमासाठी मी सगळ्यात जास्त भांडलो ते वेगळंच होतं: दर तिमाहीला टॅलीचा डेटा वेगळ्या मशीनवर परत उभा करायचा, अकाउंटंटसमोर, आणि मॅडम ट्रायल बॅलन्स जुळल्याची सही करतील तेव्हाच बॅकअपचे पैसे.

हिरवी खूण

जूनमध्ये पहिली चाचणी झाली. इंजिनिअर मुलगा उत्साही. त्याच्या स्क्रीनवर रोजच्या बॅकअपपुढे हिरव्या खुणांची रांग.

"मॅडम, सगळं हिरवं आहे."

मॅडमनी ट्रायल बॅलन्स उघडला, खाली सरकवला. "हिरवं असू दे. मे महिना कुठाय?"

मे महिना नव्हता. एप्रिलात नव्या वर्षासाठी टॅलीचा डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता, आणि बॅकअपचं काम जुन्याच फोल्डरची इमानेइतबारे कॉपी काढत बसलं होतं. त्या फोल्डरमध्ये काही बदलत नव्हतं, म्हणून चूकही येत नव्हती. ही चाचणी झाली नसती तर दुसऱ्या हल्ल्यात कारखाना पुन्हा पेनड्राइव्हवर आला असता, आणि या वेळी महिन्याला ३३ हजार मोजून. पुरवठादाराने त्या तिमाहीचे बॅकअपचे १५,००० सोडले आणि फोल्डर हलवण्याआधी कळवायची पद्धत दोघांनी ठरवली.

पुढच्या महिन्यात दोन बातम्या आल्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बंद पडली. ३१ जुलैला सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा संशय आला, म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. मालकांचा फोन आला: "आपल्याकडे असं झालं तर?" त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. दोन दिवस आयटी पूर्ण बंद असेल तर माल कसा बाहेर जाईल याचं एक पान तयार झालं. छापील चलनबुक, महत्त्वाच्या माणसांचे फोन नंबर कागदावर, ई-वे बिल मोबाइल इंटरनेटवरून पोर्टलवर. ते डिस्पॅचच्या भिंतीला लावलं आहे.

निष्पत्ती

ग्राहकाची प्रश्नावली मुदतीत गेली, काम टिकलं. त्यानंतर मेलवरून आलेला एक हल्ला पहिल्याच पीसीवर अडला, मशीन आपोआप नेटवर्कपासून तुटली. मोजमापाच्या मशीनचा जुना पीसी मात्र अजून विंडोज ७ वर आहे, कारण तिचं सॉफ्टवेअर पुढे चालत नाही आणि नव्याची किंमत नऊ लाख. त्याला वेगळ्या जाळ्यात टाकून इंटरनेट तोडलं आहे. ही तडजोड आहे.

प्रिंटर आणि पंख्यांच्या आवाजासाठी लोक अजूनही जुन्या दुकानदारालाच फोन करतात. मालकांनी त्याला वर्षाला २४,००० वर हार्डवेअरपुरतं ठेवलं. कुठल्याही मशीनचा प्रशासक पासवर्ड त्याच्याकडे नाही. उलट नव्या कंपनीत तिकीट टाकायचं, म्हणजे तक्रार त्यांच्या यंत्रणेत नोंदवायची असते, हे शॉपफ्लोअरला अजून पटलेलं नाही. ते इंजिनिअरला व्हॉट्सअ‍ॅप करतात, आणि त्या तक्रारी कुठंच नोंद होत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये जपानच्या पोलिसांनी फोबोस आणि त्याच्या भावकीतल्या ८बेससाठी फाइल उघडणारं साधन फुकट जाहीर केलं. कपाटात ठेवलेल्या डिस्कच्या प्रतीवर ते चालवलं. बहुतेक ड्रॉइंग आणि चार वर्षांचे तपासणी अहवाल परत आले. हरवलेली रोख व्हाउचरही दिसली, त्यांतली काही पुनर्बांधणीत सुटलेली होती, रक्कम किरकोळ. डिझाइनच्या पीसीवरची फिक्श्चरची मॉडेल मात्र गेली ती गेलीच. तो पहिल्या तासात फॉरमॅट झाला होता.

काय वेगळं करता आलं असतं

२०२० मध्ये व्हीपीएनला नाही म्हणताना कुणी लिहून ठेवलं असतं, की ही तात्पुरती सोय आहे आणि अमुक तारखेला बंद करायची, तर पुढचं बहुतेक टळलं असतं. व्हीपीएन न घेणं हा त्या महिन्यातला निर्णय होता आणि तो समजू शकतो. तो चार वर्षं कुणी उघडून पाहिला नाही, हे समजत नाही.

फॉरमॅटबद्दल वर आलंच आहे. नव्या करारातही पहिल्या तासात काय करायचं नाही याची यादी सुरुवातीला नव्हती. ती नंतर जोडली.

मेहुण्यांचा मेलही नको होता. चोराला कळलं की इकडे माणूस घाबरलेला आहे आणि बोलायला तयार आहे. कारखान्याच्या वतीने कोण बोलणार हे एका माणसावर ठेवायला हवं होतं.

कंपनी निवडायला आम्ही सहा आठवडे घेतले. ते मला आजही जास्त वाटतात, कारण तेवढा काळ कारखाना कुणाच्याच देखरेखीखाली नव्हता. आधी तीन महिन्यांचा छोटा करार करून फायरवॉल, दुहेरी पडताळणी आणि बॅकअप एवढंच बसवून घ्यायचं आणि मोठ्या कराराची घासाघीस मागाहून, असं करता आलं असतं.

आणि कामगारांच्या आधार-पॅनच्या प्रती. त्या चोराने नेल्या की नुसत्या लॉक केल्या हे ठरवता आलं नाही, कारण राउटरमध्ये नोंदीच नव्हत्या. कामगारांना तेव्हा काही सांगितलं गेलं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटा सांभाळायचं काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी ज्याने तो गोळा केला त्याचीच राहते, असं त्यात स्पष्ट आहे. योग्य सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. कराराच्या नूतनीकरणात कारखान्याने अशा घटनेत सेवा-कंपनीने कुठल्या फाइल बाहेर गेल्या याचा अहवाल द्यावा, असं कलम घातलं आहे. कंपनी म्हणते त्यासाठी बाहेर जाणाऱ्या डेटावर नजर ठेवणारी वेगळी सेवा लागेल, महिना ६,००० वाढतील. मालकांनी ४,००० म्हटलं आहे. मसुदा सध्या तिथंच अडला आहे. तोपर्यंत स्कॅन प्रती 'कॉमन'मधून काढून फक्त मॅडमना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या आहेत, आणि नोकरी सोडून गेलेल्यांपैकी ज्यांच्या प्रती ठेवायचं कारण उरलं नाही त्या पुसल्या आहेत.